आधी खरेदी, मग ओळख : दिल्लीच्या काचपेटीतील समुद्रफूल

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरीदाबाद. यांपैकी एकाही शहराला समुद्र नाही. सर्वांत जवळचा किनारा शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या शहरांतील दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या आहेत आणि त्यांत समुद्रफुले म्हणजे सी ॲनिमोन आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत, थोड्या पाण्यात आणि कोंडलेल्या ऑक्सिजनवर विमानाने आलेला हा प्राणी घरी पोहोचतो, टाकीत सोडला जातो आणि त्यानंतर प्रश्न सुरू होतात. हा नेमका कोणता? याला काय खायला घालायचे? हा आक्रसून का गेला? पांढरा का पडला?

आक्षेप या क्रमालाच आहे. जीवशास्त्रात ओळख ही पहिली पायरी मानली जाते, कारण पुढचे सर्व ज्ञान त्या नावाला टांगलेले असते. या व्यापारात मात्र ती शेवटची पायरी झाली आहे, आणि अनेकदा ती प्राण्याच्या मृत्यूनंतरही गाठली जात नाही. अशा खरेदीला विज्ञानाची आवड म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

समुद्रफूल हे फूल नाही. ते निडारिया संघातील, जेलीफिश आणि प्रवाळ यांच्या नात्यातले जनावर आहे. त्याच्या शुंडकांत दंशपेशी असतात. स्पर्श होताच त्यांतून विषारी सूक्ष्म धागे सुटतात आणि भक्ष्य लुळे पडते. ज्यांचा बाजारात व्यापार होतो अशा बहुतेक उष्णकटिबंधीय जातींच्या ऊतींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि यजमानाला त्यातला मोठा वाटा देतात. म्हणजे खरेदीदाराच्या हाती पडतो तो एकटा प्राणी नसतो. प्राणी आणि शैवाल यांचा तो भागीदारीतला संसार असतो. प्रकाश कमी पडला, तापमान चढले किंवा पाणी बिघडले की ही भागीदारी मोडते, शैवाले बाहेर फेकली जातात आणि प्राणी पांढरा पडतो. त्या पांढऱ्या रंगाला ‘दुर्मीळ रंगछटा’ म्हणून भाव मिळतो, ही या बाजाराची सर्वांत क्रूर गंमत आहे. त्याहून पुढची पायरी म्हणजे अशा फिकट प्राण्याला पिवळा, गुलाबी किंवा निळा कृत्रिम रंग देणे. रंगवलेले समुद्रफूल आकर्षक दिसते आणि उपाशी असते.

आता ओळखीचा प्रश्न. जगात समुद्रफुलांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या जाती अवघ्या दहा, असे डॅफ्ने फॉटिन आणि जेराल्ड ॲलन यांनी १९९२ साली आपल्या क्षेत्र-मार्गदर्शिकेत नोंदवले. या दहांचेही स्वभाव एकमेकांपासून भिन्न आहेत. एंटॅक्मिया क्वाड्रिकलर ही जात खडकाच्या फटीत पाय रोवते; तिच्या शुंडकांच्या टोकांना फुगे येतात, पण टाकीत ते फुगे अनेकदा नाहीसे होतात आणि चित्र पाहून ओळखणारा फसतो. अशा वेळी देठ पाहावा लागतो : या जातीचा देठ गुळगुळीत असतो, त्यावर चिकट गाठी नसतात. हेटरॅक्टिस क्रिस्पाचा देठ चामड्यासारखा, करडा आणि गाठींनी भरलेला असतो. मॅक्रोडॅक्टिला डोरीन्सिसला पाय रोवायला खोल वाळू किंवा चिखल लागतो. तिला उघड्या खडकावर ठेवणे म्हणजे तिला भटकायला लावणे. स्टायकोडॅक्टिला हॅडोनी वाळूत सतरंजीसारखी पसरते आणि फारच चिकट असते. लहान मासे तिच्या पोटात जातात. हेटरॅक्टिस मॅग्निफिका उंच, उघड्या जागी बसते आणि तिला प्रखर प्रकाश व जोरदार प्रवाह हवा असतो. एकीला मानवणारी जागा दुसरीसाठी शिक्षा ठरते. म्हणून दुकानातल्या पाटीवर नुसते ‘ॲनिमोन’ लिहिणे हे औषधाच्या बाटलीवर नुसते ‘औषध’ लिहिण्यासारखे आहे.

व्यापारी नावांनी हा गोंधळ मिटत नाही, उलट वाढतो. ‘सेबी’ या नावाने विकले जाणारे समुद्रफूल बहुधा हेटरॅक्टिस क्रिस्पा असते. ‘ट्यूब ॲनिमोन’ हे तर खरे समुद्रफूलच नव्हे. सेरिअँथेरिया गटातील तो प्राणी वाळूत स्वतःच्या श्लेष्माची नळी विणून राहतो, त्याला शुंडकांची दोन वलये असतात, खडकाला चिकटणारे तळपाऊल नसते आणि शैवालांची भागीदारीही नसते. त्याला तीव्र दिव्याखाली ठेवून उपाशी मारणे सहज शक्य आहे. आणि हेलिओफंजिया ॲक्टिनिफॉर्मिस हे कठीण प्रवाळ लांब शुंडकांमुळे इतके समुद्रफुलासारखे दिसते की त्याच्या नावातच ‘समुद्रफुलासारखे’ हा अर्थ आहे.

हे शेवटचे उदाहरण केवळ कुतूहलाचे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळी प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे समाविष्ट झाले. साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही कठीण प्रवाळ आहेत. म्हणजे ‘ॲनिमोन’ म्हणून घरी आणलेला प्राणी प्रत्यक्षात प्रवाळ निघाला, तर प्रश्न टाकीपुरता उरत नाही, तो कायद्याचा होतो. ओळख न करता खरेदी करणाऱ्याला आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हेही ठाऊक नसते.

खऱ्या समुद्रफुलाला मात्र त्या अनुसूचीत जागा नाही. मुंबईचे उदाहरण बोलके आहे. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० साली हाजी अली व वरळी येथील प्रवाळांच्या वसाहती हलवताना वन्यजीव कायद्याखालील परवानगी आवश्यक ठरली. त्याच ओहोटीच्या पट्ट्यात, तशाच खडकांवर, प्रवाळांची चुलत भावंडे असलेली समुद्रफुले राहतात. त्यांच्यासाठी तसा कागद लागत नाही. मन्नारच्या आखातातील १९८६ च्या सागरी राष्ट्रीय उद्यानासारख्या संरक्षित क्षेत्रात त्यांना आसरा मिळतो, पण तो जागेमुळे. त्यांच्या नावामुळे नव्हे. त्या सीमेबाहेर उचललेले आणि आत उचललेले समुद्रफूल दिल्लीच्या पिशवीत सारखेच दिसते. उगमाचा कागद मागण्याची सक्ती नसेल, तर फरक कोण आणि कसा करणार?

२०१७ साली केंद्राने मत्स्यालय दुकानांसाठी प्राणिक्रूरता प्रतिबंधक नियम जाहीर केले होते. पुढे ते मागे घेण्यात आले. त्या नियमांत दोष होतेच. पण दोष असलेला नियम मागे घेऊन त्या जागी काहीच न ठेवणे हा दोषावरचा उपाय नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम ‘प्राणी’ या शब्दात मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव प्राणिमात्र धरतो. त्या व्याख्येत समुद्रफूल बसते. व्याख्या आहे, तिला बाजारापर्यंत नेणारी पाऊलवाट नाही. पर्यावरण मंत्रालयाचे इंदिरा पर्यावरण भवन दिल्लीतच, जोरबाग मार्गावर आहे. अंतराची सबब इथे चालणार नाही.

दिल्लीच्या हवापाण्याचा विचार केला तर प्रश्न अधिक तीव्र होतो. उष्णकटिबंधीय समुद्रफुलाला साधारण २४ ते २७ अंश सेल्सियस तापमान, दर हजारी ३५ च्या आसपास क्षारता, १.०२५ च्या जवळपास सापेक्ष घनता आणि ८.१ ते ८.३ सामू लागतो; त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे आकडे दिवसभर स्थिर लागतात. दिल्लीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जानेवारीच्या पहाटे तो ४-५ अंशांपर्यंत उतरतो. एकाच टाकीला उन्हाळ्यात चिलर आणि हिवाळ्यात हीटर हवा. लू वाहू लागली की पाण्याचे बाष्पीभवन वाढते. पाणी उडते, मीठ मागे राहते आणि क्षारता चढते. ती भरून काढताना खारे पाणी ओतणारा नवशिका प्राण्याला हळूहळू लोणच्यात घालत असतो. तिथे गोडे शुद्ध पाणीच घालावे लागते. आणि भर दुपारी वीज गेली की पंप, चिलर व दिवे एकदम थांबतात. इन्व्हर्टरवर पंखा चालवणाऱ्या घरात टाकीच्या पंपासाठी जागा उरते का, हा प्रश्न खरेदीपूर्वीचा आहे.

पाण्याचे तसेच. यमुनेतील अमोनिया दशलक्षात एका भागाच्या आसपास पोहोचला की वझिराबाद आणि चंद्रावल येथील जलशुद्धीकरण केंद्रांचे उत्पादन घटते, ही बातमी दिल्लीकर वारंवार वाचतात. माणसांच्या शहराला जो आकडा धोक्याचा वाटतो, त्याच्या अंशानेही समुद्रफुलाची टाकी कोसळू शकते; तिथे मोजपट्टीवर अमोनिया आणि नायट्राइट शून्यच दिसायला हवेत. म्हणून नळाचे किंवा बोअरचे पाणी थेट चालत नाही; आरओ आणि त्यापुढे आयनमुक्त केलेले पाणी लागते आणि त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ मिसळावे लागते. २०० लिटरच्या टाकीला पहिल्याच भरणीत सुमारे ७ किलो मीठ लागते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले तर २० लिटर पाणी आणि ७०० ग्रॅम मीठ. आरओ यंत्र जे पाणी वाया घालवते ते वेगळेच. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहरात हा हिशेब खासगी राहत नाही.

नवी टाकी मांडून आठवड्यात समुद्रफूल आणणे हा आणखी एक रूढ अविचार. अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतरही टाकीची जीवसृष्टी बेताल असते. म्हणून अनुभवी छंदिष्ट समुद्रफुलासाठी सहा महिने ते वर्षभर मुरलेली टाकी मागतात. ‘वाट पाहा’ हा सल्ला दुकानाच्या गल्ल्याला परवडत नाही, म्हणून तो क्वचितच दिला जातो.

या ठिकाणी छंदाचे समर्थक एक प्रसिद्ध उदाहरण पुढे करतात. स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञ जॉन डॅलियल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून उचललेले एक समुद्रफूल एडिंबरा येथे काचेच्या भांड्यात १८८७ पर्यंत जगले. ‘ग्रॅनी’ या नावाने ते ओळखले जाई. सांभाळणारे एकामागून एक मरण पावले आणि प्राणी पुढच्या हाती सोपवला गेला. तेव्हा साध्या भांड्यात ५९ वर्षे जमले, तर आजच्या यंत्रसज्ज टाकीत का जमू नये?

उदाहरण खरे आहे. निष्कर्ष खोटा आहे. ती ॲक्टिनिया इक्विना ही जात होती : थंड समुद्रातील, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ऊन, वारा आणि पाऊस सोसायला सरावलेली. तिला शैवालांची भागीदारी नव्हती, म्हणून तीव्र प्रकाशाची गरज नव्हती. हवामान तिच्या ओळखीचे होते आणि ताजे समुद्रजल जवळच्या किनाऱ्यावरून आणून नियमित बदलले जाई. ग्रॅनी जगली ती जाणकाराने योग्य जात योग्य ठिकाणी, कमालीच्या चिकाटीने सांभाळल्यामुळे. हे उदाहरण दिल्लीतील घाईच्या खरेदीचे समर्थन करत नाही. ते तिच्यावरचे आरोपपत्र आहे. शिवाय एक गोष्ट त्यातून नक्की कळते. योग्य परिस्थितीत समुद्रफूल माणसाच्या पिढीइतके जगू शकते. मग जो प्राणी टाकीत तीन महिन्यांत विरघळतो, त्याच्याबाबत ‘त्याचे आयुष्यच तेवढे’ असे म्हणता येणार नाही.

त्याच ब्रिटनने दुसरा धडाही दिला आहे. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या ‘द ॲक्वेरियम’ या ग्रंथाने घराघरांत समुद्र आणण्याची लाट उसळवली. किनाऱ्यांवर टोपल्या घेऊन गर्दी लोटली आणि खडकांतील तळी ओरबाडली गेली. त्यांचा मुलगा एडमंड गॉस याने १९०७ च्या आत्मकथनात त्या उजाड झालेल्या किनाऱ्यांबद्दल खेद नोंदवला. निसर्गावरील प्रेमानेच निसर्ग रिता केला. हे जुने झाले असे कोणी म्हणू नये : फिलिपीन्समधील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मत्स्यालयांसाठी उपसा होणाऱ्या भागांत समुद्रफुले आणि क्लाउनफिश या दोघांचीही घनता कमी आढळली. यात विशेष काही नाही. घर गेले की भाडेकरूही जातो. समुद्रात क्लाउनफिश समुद्रफुलाखेरीज तग धरत नाही. टाकीत मात्र त्याला समुद्रफुलाची गरज नसते, कारण तिथे त्याला खाणारा कोणी नसतो. ‘निमोला घर हवे’ म्हणून समुद्रफूल विकणे ही गरजेची नव्हे, चित्रपटाच्या आठवणीची विक्री आहे.

‘त्याला मेंदू कुठे आहे, त्याला काय कळते?’ हा आक्षेप विज्ञानाच्या भाषेत मांडला जातो, म्हणून त्याचे उत्तरही तिथेच द्यायला हवे. समुद्रफुलाला मेंदू नाही. शरीरभर पसरलेले चेताजाल आहे. २०२३ साली फ्रिबूर विद्यापीठातील संशोधकांनी नेमॅटोस्टेला या छोट्या समुद्रफुलात प्रकाश आणि विजेचा सौम्य झटका यांचा संबंध जोडून शिकण्याची क्षमता दाखवली. यावरून त्याला माणसासारखी वेदना होते असे सिद्ध होत नाही, आणि तसा दावाही करण्याचे कारण नाही. पण ‘काहीच कळत नाही’ हे विधान आता तितक्या निश्चिंतपणे करता येत नाही. आणि समजा काहीच कळत नसेल, तरी समुद्रातून उचललेला जीव निष्काळजीपणे मारण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अशा टाक्यांमुळेच समुद्र न पाहिलेल्या मुलांना समुद्राची ओढ लागते. हे काही अंशी खरे आहे. छंदिष्टांनी प्रवाळ आणि समुद्रफुले वाढवण्याचे पुष्कळ व्यावहारिक ज्ञान निर्माण केले, हेही मान्य करावे लागेल. एंटॅक्मिया क्वाड्रिकलर टाकीत स्वतःचे दोन भाग करून वाढते, आणि अशा विभाजनातून मिळालेले पिल्लू समुद्राला हात न लावता दुसऱ्याला देता येते. भारतातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या कृत्रिम पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या केंद्रातही असे संवर्धन झाले आहे. मार्ग अस्तित्वात आहे. म्हणूनच समुद्रातून उपटलेल्या प्राण्याचा सोपा मार्ग निवडण्याला आता अज्ञानाची ढाल उरत नाही.

ज्यांच्या घरी समुद्रफूल आलेच आहे, त्यांच्यावर दोषारोप करून प्राणी वाचणार नाही. त्यांनी प्रथम देठ, तळपाऊल, शुंडके आणि तोंड यांची स्पष्ट छायाचित्रे घ्यावीत व जात ठरवावी. पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळत तासाभरात प्राणी सरावू द्यावा. पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज लावावा. भटकणारे समुद्रफूल पंपात चिरडले गेले की सगळी टाकी विषारी होऊ शकते. खडकाला चिकटलेले पाऊल ओढू नये, ते फाटते. प्रकाश हळूहळू वाढवावा. आठवड्यातून एकदा-दोनदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरे. तांबेयुक्त औषध टाकीत कधीही घालू नये; माशाचा रोग बरा होईल आणि समुद्रफूल मरेल. तोंड सताड उघडे, शरीर लुळे आणि उग्र दुर्गंधी ही मृत्यूची चिन्हे. अशा वेळी प्राणी तत्काळ बाहेर काढून पाणी बदलावे. हाताळताना हातमोजे घालावेत आणि डोळ्यांना हात लावू नये. सांभाळणे जमत नसेल तर अनुभवी व्यक्तीकडे सोपवावे. यमुनेत सोडणे म्हणजे मारणे, आणि परक्या किनाऱ्यावर सोडणे म्हणजे तिथल्या जीवसृष्टीला धोका देणे.

मागण्या फार नाहीत. प्रत्येक समुद्रफुलाच्या टाकीवर शास्त्रीय नाव, उगम आणि ‘समुद्रातून’ की ‘पैदाशीतून’ हे लिहिलेले असावे. रंगवलेल्या प्राण्यांची विक्री थांबावी. मत्स्यालय व्यापारासाठी नवे, अभ्यासपूर्ण नियम यावेत. आणि ज्या दुकानाला या तीन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, तिथे ग्राहकाने पाकीट उघडू नये. कायदा यायला वेळ लागतो, नकार द्यायला लागत नाही.

विद्यार्थ्यांसाठी तर याहून चांगली वाट आहे. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम ओहोटीच्या वेळी नागरिकांना किनाऱ्यावर नेतो. समुद्रफूल तिथे त्याच्या खडकावर, त्याच्या पाण्यात दिसते. दिल्लीच्या विद्यार्थ्याने एका प्राण्याच्या आणि त्याच्या यंत्रसामग्रीच्या खर्चात रेल्वेचे तिकीट काढावे, किनाऱ्यावर वाकून पाहावे, नाव शोधावे, नोंद करावी आणि रिकाम्या हाताने परत यावे.